जर्मनीत ‘कस्टमर केअर’शी गाठ पडते तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नव्याने आलेले विद्यार्थी, ब्लू कार्डवर आलेली कुटुंबं, त्यांच्याकडे तीन महिने राहायला आलेले आईबाबा, सगळ्यांकडून फिरून फिरून तेच प्रश्न येतात. ते इथे एकत्र केले आहेत. आधी रोजच्या दुकानातले, मग करारांचे आणि शेवटी गुंत्याचे. मी वकील नाही. बरीच वर्षं इथे राहून आणि ओळखीपाळखीच्या लोकांना पत्रं लिहून देऊन जे पक्कं झालं, तेवढंच लिहिलं आहे. व्हिसाचं ऑफिस यात मुद्दाम घेतलेलं नाही. तिथे आपण ग्राहक नसतो, अर्जदार असतो.

१. इथले दुकानदार आणि वेटर इतके कोरडे का वागतात? आमचं काही चुकतं का?

बहुतेक वेळा काहीच चुकत नाही. हसून बोलणं हा इथे कामाचा भाग मानला जात नाही, काम नीट करणं हा मानला जातो. तरी दोन गोष्टी पाळा. दुकानात शिरताना ‘हालो’ किंवा ‘गुटन टाग’ म्हणा आणि काउंटरवर दुसऱ्याशी बोलणं चालू असताना ‘फक्त एवढंच विचारायचं होतं’ म्हणून मधे घुसू नका. आपल्याकडे ते खपून जातं. इथे त्यानंतर तुमच्याशी कोणी धड बोलत नाही.

नवख्या माणसाला सगळ्यात जास्त घाम फुटतो तो सुपरमार्केटच्या कॅशवर. कॅशियर वस्तू स्कॅन करून ज्या वेगाने पुढे सरकवते, त्या वेगाने पिशवी भरणं शक्य नसतं, आणि तशी अपेक्षाही नसते. जड वस्तू पट्ट्यावर आधी ठेवा, टोमॅटो-अंडी शेवटी. स्कॅन होईल तसं सगळं सरळ ट्रॉलीत टाका, पैसे भरा आणि मागच्या भिंतीलगत जी लांब फळी असते तिथे निवांत पिशव्या भरा.

हॉटेलात बिल मागितल्याशिवाय येत नाही. सगळ्यांचं एकत्र की वेगवेगळं, हे वेटर विचारतो आणि वेगवेगळं मागण्यात काही कमीपणा नाही. टीप साधारण ५ ते १० टक्के, तीही पैसे देतानाच सांगायची: बिल २७.४० युरो असेल तर ‘तीस’ म्हणायचं. पाणी मागितलं तर बाटली येते आणि तिचे पैसे लागतात.

२. रविवारी खरंच सगळं बंद असतं?

हो. सुपरमार्केट, कपड्यांची दुकानं, मॉल, सगळं. उघडं काय असतं, तर काही तास बेकऱ्या, मोठ्या स्टेशनांमधली दुकानं आणि पेट्रोल पंप. बव्हेरियात इतर दिवशीही दुकानं रात्री आठला बंद होतात. इस्टरच्या आठवड्यात गुड फ्रायडे आणि इस्टर मंडे या दोन सुट्ट्या रविवारच्या दोन्ही बाजूंना येतात, तेव्हा दूध-भाजी गुरुवारीच आणून ठेवा.

३. बाटलीवर जादा पैसे लावले. ही फसवणूक आहे का?

नाही, ती अनामत आहे. एकदा वापरायच्या प्लास्टिक बाटल्या आणि कॅनवर २५ सेंट, पुन्हा भरायच्या बहुतेक बाटल्यांवर ८ किंवा १५ सेंट. सुपरमार्केटमधल्या यंत्रात बाटली घालायची, चिठ्ठी घ्यायची आणि कॅशवर द्यायची. बाटली चेपू नका आणि लेबल फाडू नका. यंत्राला खूण वाचता आली नाही तर बाटली बाहेर फेकली जाते आणि मागे रांग तयार होते.

४. दुकानात घेतलेला शर्ट आवडला नाही. चौदा दिवसांत परत करता येतो ना?

कायद्याने नाही. चौदा दिवसांचा हक्क ऑनलाइन, फोनवरून किंवा दारावर केलेल्या खरेदीला आहे (प्रश्न ५). दुकानात जाऊन, बघून घेतलेली चांगली वस्तू परत घेणं ही दुकानाची मर्जी. मोठी दुकानं ती दाखवतात, पण अटी त्यांच्या: पावती हवी, लेबल हवं, कधी पैशांऐवजी कूपन मिळतं. म्हणून आवडनिवड बदलण्याची शक्यता असेल तर पैसे देण्याआधीच विचारा. वस्तू सदोष असेल तर गोष्ट वेगळी, ती प्रश्न ६ मध्ये.

५. ऑनलाइन घेतलेली वस्तू परत करताना काय लक्षात ठेवायचं?

वस्तू हातात पडल्यापासून १४ दिवसांत ‘विडररूफ’, म्हणजे करार मागे घेत असल्याचं कळवायचं. कारण द्यावं लागत नाही. नुसतं पार्सल परत पाठवणं पुरेसं धरू नका, सोबत दोन ओळींचा ईमेल पाठवाच. त्यानंतर वस्तू परत धाडायला आणखी १४ दिवस असतात. विक्रेत्याने या हक्काची नीट माहितीच दिली नसेल, तर मुदत वर्षभराने वाढते.

यातून वगळलेल्या गोष्टी: मापाने किंवा नाव घालून करवून घेतलेल्या वस्तू, नाशवंत माल, सील तोडलेल्या स्वच्छतेशी संबंधित वस्तू, आणि ठरावीक तारखेची तिकिटं व हॉटेल बुकिंग. शेवटच्या बाबतीत आपले लोक हमखास फसतात. कार्यक्रमाचं तिकीट ऑनलाइन घेतलं म्हणून ते परत करता येतं असं नाही.

६. फोन चौदा महिन्यांत बंद पडला. दुकानवाला म्हणतो, कंपनीकडे जा. जायचं का?

आपल्या डोक्यात ‘सर्व्हिस सेंटर’ पक्कं बसलेलं असतं, म्हणून आपण मुकाट्याने जातो. थांबा. इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘गारांटी’ ही कंपनीने आपणहून दिलेली हमी, तिच्या अटी कंपनीच्या. ‘गेवेअरलाइस्टुंग’ ही कायद्याने विक्रेत्यावर टाकलेली जबाबदारी, नव्या वस्तूला दोन वर्षं. ज्याला पैसे दिले तोच जबाबदार, आणि दुरुस्ती हवी की बदलून हवी हे आधी तुम्ही सांगायचं. दोन्हींपैकी एकही धड झालं नाही, तर पुढे किंमत कमी करून मागता येते किंवा पैसे परत.

मेख वेळेत आहे. पहिल्या वर्षात दोष मुळातच होता असं धरून चालतात आणि तसं नव्हतं हे विक्रेत्याने सिद्ध करायचं असतं. (२०२२ पूर्वीच्या खरेदीला ही सवलत सहाच महिने होती.) वर्ष उलटलं की सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर येतं. तेव्हा चौदाव्या महिन्यात विक्रेत्याला पत्र लिहाच, पण कंपनीची गारांटी अजून चालू असेल तर तो रस्ता बहुधा लवकर पोचवतो. अकराव्या महिन्यात मात्र ‘कंपनीकडे जा’ हे ऐकून घेऊ नका.

दुकानातून घेतलेल्या जुन्या वस्तूला ही मुदत एक वर्षावर आणता येते. खासगी माणसाकडून घेतली असेल तर तो जबाबदारी पूर्णच नाकारू शकतो, आणि जाहिरातीच्या तळाशी तसं वाक्य बहुतेक असतंच. पुण्याहून आणलेल्या लॅपटॉपला यातलं काही लागू नाही.

७. पार्सल ‘पोचलं’ असं दाखवतंय, पण मिळालं नाही. कुरियरला फोन करू का?

आधी टपालपेटी बघा. शेजाऱ्याकडे ठेवलं असेल तर चिठ्ठी टाकलेली असते, आणि तिच्यावर शेजाऱ्याचं नाव अशा अक्षरात असतं की खालच्या सगळ्या बेल वाजवाव्या लागतात. चिठ्ठी नसेल तर कुरियरच्या नादी लागू नका. दुकानाकडून केलेल्या खरेदीत वस्तू तुमच्या हाती पडेपर्यंतची जोखीम विक्रेत्याची असते, म्हणून तक्रार विक्रेत्याकडे, लेखी.

पण ‘गॅरेजमध्ये ठेवा’ किंवा ‘अमुक शेजाऱ्याकडे द्या’ अशी परवानगी तुम्हीच ॲपमध्ये दिली असेल, तर तिथे ठेवल्यावर जोखीम तुमची. महागाच्या वस्तूसाठी ती परवानगी आधी काढून टाका.

८. दिवाळीचा फराळ घरून मागवला आणि कस्टमचं पत्र आलं. आता?

घाबरू नका. घरच्या माणसाने घरच्या माणसाला पाठवलेली भेट ४५ युरोपर्यंत करमुक्त असते, किंमत त्याहून जास्त असेल तर कर लागतो. पार्सल अडकण्याचं नेहमीचं कारण म्हणजे बाहेरच्या फॉर्मवर नुसतं ‘फूड’ किंवा ‘गिफ्ट’ लिहिलेलं असतं. चकली, चिवडा, शंकरपाळे, प्रत्येकाचं वजन आणि किंमत वेगवेगळी लिहायला आईला सांगा. पेढे, खवा, तूप यांच्या वाटेला जाऊ नका: युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ असे आणायला मनाई आहे, मग ते टपालाने येवोत की सामानातून.

९. हेल्पलाइनवर इंग्रजी बोलतात का?

मोठ्या बँका आणि टेलिफोन कंपन्यांत कधी कधी. तसा तुमचा हक्क मात्र नाही. करार जर्मन, पत्रं जर्मन, आणि ‘मला भाषा कळत नव्हती’ हे सहीनंतर कोणी ऐकत नाही. फोनवर अडत असाल तर जर्मन येणाऱ्या मित्राला शेजारी बसवा. आधी तुम्ही स्वतः नाव, जन्मतारीख आणि ग्राहक क्रमांक सांगून ‘माझ्या वतीने हे बोलतील’ असं म्हणायचं, नाहीतर माहितीच्या गोपनीयतेचं कारण देऊन ते बोलणं तोडतात. समोरच्याचं आडनाव विचारून लिहून ठेवा.

०८०० ने सुरू होणारे नंबर फुकट, ०१८० चे पैसे पडतात, ०९०० पासून लांब राहा. आधीपासून चालू असलेल्या कराराबद्दल विचारायला कंपनीने महागडा नंबर ठेवणं कायद्याला मान्य नाही.

१०. पुरावा म्हणून मी कॉल रेकॉर्ड करू शकतो का?

अजिबात नाही. समोरच्याच्या संमतीशिवाय बोलणं रेकॉर्ड करणं हा जर्मनीत फौजदारी गुन्हा आहे, कमाल शिक्षा तीन वर्षं. भारतातून आणलेल्या फोनमध्ये सगळे कॉल आपोआप रेकॉर्ड करणारं ॲप असेल तर ते विमानातून उतरल्यावर बंद करा. कंपनीलाही रेकॉर्ड करण्याआधी तुमची परवानगी घ्यावीच लागते आणि तुम्ही ‘नाही’ म्हणू शकता. पुरावा हवा असेल तर लिहा, पुढचाच प्रश्न वाचा.

११. फोनवर सगळं ठरलं होतं, आता ते नाकबूल करतात. काय करू?

लेखी काय आहे? काहीच नसेल तर आता सुरुवात करा. या पानावरचा सगळ्यात कामाचा भाग हाच आहे. आपल्याकडे चिकाटीने फोन करून, आवाज चढवून, ओळख काढून काम होतं. इथे आवाज चढवला की समोरचा शांतपणे फोन ठेवतो. तारीख घातलेल्या पत्राला मात्र त्याला उत्तर द्यावं लागतं, कारण उद्या तेच पत्र वकिलासमोर किंवा तक्रार मंडळासमोर येणार हे त्याला ठाऊक असतं.

पत्रात इतकंच: तुमचं नाव-पत्ता, ग्राहक क्रमांक, करार क्रमांक, काय झालं ते चार ओळींत, तारखांसह, तुम्हाला नेमकं काय हवं, आणि कोणत्या तारखेपर्यंत. ‘लवकरात लवकर’ लिहू नका. ‘दोन आठवड्यांत’ असंही मोघम नको. कॅलेंडर बघून पुढची तारीख घाला. मनस्ताप, मुलांची परीक्षा, किती वर्षांपासूनचे ग्राहक आहात, हे सगळं गाळा. भाषांतराच्या ॲपने केलेलं साधं जर्मन चालतं, व्याकरणाला कोणी हसत नाही.

ईमेल बहुतेक ठिकाणी पुरतो. मुद्दा मोठा असेल तर पोस्टात जाऊन ‘आइनवुर्फ आइनश्रायबन’ मागा. पोस्टमन पत्र पेटीत टाकल्याची नोंद करतो. सहीची पोच मागवणारा प्रकार महाग तर आहेच, वर घेणाऱ्याने ते सोडवून घेतलंच नाही तर तुमची तारीख हुकते. पाकिटात पत्र घालताना एखाद्या मित्राने बघितलेलं असू द्या आणि पत्राचा फोटो काढून ठेवा. फोनवर काही ठरलंच, तर त्याच दिवशी ‘आज आपलं असं बोलणं झालं’ असा ईमेल करा.

१२. इंटरनेटचा माणूस दिवसभर वाट बघायला लावून आलाच नाही. भरपाई मिळते का?

मिळते, पण मागावी लागते. ८ ते १२ ची वेळ सांगून कोणी फिरकत नाही आणि संध्याकाळी ‘तुम्ही घरी नव्हता’ असा मेसेज येतो, हा अनुभव माझ्याही वाट्याला आलेला आहे. डिसेंबर २०२१ पासून नवा दूरसंचार कायदा लागू आहे. चुकवलेल्या प्रत्येक भेटीचे १० युरो किंवा महिन्याच्या बिलाच्या २० टक्के, यातली जी रक्कम जास्त ती. लाइन पूर्ण बंद असेल आणि कळवल्यानंतर दोन दिवसांत सुरू झाली नाही, तर तिसऱ्या-चौथ्या दिवसाचे रोज ५ युरो किंवा १० टक्के, पाचव्यापासून रोज १० युरो किंवा २० टक्के. म्हणून बिघाड ज्या क्षणी होईल त्या क्षणी कळवा आणि तक्रार क्रमांक घ्या. घड्याळ तिथून सुरू होतं.

वेग कमी मिळत असेल तर ‘नेट स्लो आहे’ याला किंमत नाही. बुंडेसनेट्सआगेंटूर या सरकारी नियामकाचं मोजणीचं सॉफ्टवेअर संगणकावर टाका, वायफाय नको, केबल लावा, आणि तीन वेगवेगळ्या दिवशी मिळून ३० मोजण्या करा. त्याचा अहवाल जोडून बिल कमी करून मागता येतं किंवा करार तोडता येतो.

१३. जिमचा करार संपवायचा आहे, पण ते म्हणतात स्वतः या.

यायची गरज नाही. जिम, मोबाइल, मासिकं अशा नेहमीच्या ग्राहक करारांना लेखी ‘क्युंडिगुंग’ ईमेलनेही चालते. ऑनलाइन करार करता येणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर १ जुलै २०२२ पासून करार संपवण्याचं बटण असणं सक्तीचं आहे. लॉगिन न करता ते दिसलं पाहिजे आणि दाबल्यावर लगेच पोच आली पाहिजे. असं बटण नसेल, तर कोणतीही मुदत न पाळता करार संपवता येतो. हे पत्रात लिहा, सूर लगेच बदलतो.

१ मार्च २०२२ नंतरच्या करारांना आणखी एक दिलासा आहे. पहिली मुदत (जास्तीत जास्त दोन वर्षं) संपली की करार पुन्हा वर्षभरासाठी गळ्यात पडत नाही, महिन्याभराच्या सूचनेवर कधीही सुटता येतं. पहिल्या मुदतीत मात्र सुटका कठीण. ‘दुसऱ्या शहरात नोकरी लागली’ हे कारण जिमला सोडायला लावत नाही.

घरभाडं आणि नोकरी यांना हे लागू नाही. तिथे कागद आणि शाईची सहीच लागते.

१४. दारावर आलेल्या मुलाने ‘फक्त फायबरची चौकशी’ म्हणून सही घेतली. आता करार आला.

सहीला चौदा दिवस झाले नसतील तर आजच विडररूफ पाठवा (प्रश्न ५), दारावरच्या कराराला तो हक्क आहे. मुदत टळली असं वाटलं तरी माहिती नीट दिली होती का ते तपासा. फोनवरून असं झालं असेल तर तुमची बाजू आणखी भक्कम: टेलिफोन-इंटरनेटचा करार सारांश लेखी मिळून तुम्ही तो मंजूर केल्याशिवाय पक्का होत नाही, आणि वीज-गॅसच्या पुरवठादाराशी तोंडी करार होतच नाही. फोनवर मीटरचा नंबर मात्र कोणालाही वाचून दाखवू नका.

१५. न घेतलेल्या सेवेचं ‘मानुंग’ आलं. दुर्लक्ष केलं तर चालेल?

चालणार नाही. मानुंग म्हणजे स्मरणपत्र. मग येतं ‘इनकासो’, म्हणजे वसुली कंपनीचं पत्र. वसुलीवाले दारात येऊन धमकावतील ही भीती मनातून काढा, त्यांना घरात शिरण्याचा किंवा काही उचलून नेण्याचा अधिकार नाही. खरी भीती शुफाची. शुफा ही पत नोंदवणारी कंपनी. तिथे डाग लागला की भाड्याचं घर मिळताना आणि हप्त्यावर फोन घेताना अडतं.

आता नीट वाचा. न भरलेली रक्कम शुफाकडे कळवायची असेल, तर साधारणपणे दोन लेखी स्मरणपत्रं, पहिल्यानंतर निदान चार आठवडे, तशी आगाऊ सूचना, आणि तुम्ही ती मागणी नाकारलेली नसणं हे सगळं लागतं. म्हणजे ‘ही मागणी मला मान्य नाही, कारण अमुक’ एवढं एक लेखी वाक्य वेळेत गेलं की तो रस्ता अडतो. ते वाक्य मूळ कंपनी आणि वसुली कंपनी, दोघांनाही पाठवा.

वसुली कंपनी खरी आहे का, हे सरकारी नोंदणी यादीत ऑनलाइन बघता येतं. परदेशी बँक खातं आणि तीन दिवसांची मुदत दिसली तर संशय घ्याच.

१६. पिवळ्या पाकिटात कोर्टाचं पत्र आलंय. हेही मानुंगच का?

नाही, आणि हा फरक फार महागात पडतो. हे ‘मानबेशाइड’. मागणी खरी की खोटी हे कोर्टाने तपासलेलं नसतं, अर्ज आला म्हणून पत्र निघालेलं असतं. सोबत हरकतीचा फॉर्म येतो. मागणी मान्य नसेल तर खूण करा, सही करा आणि दोन आठवड्यांत परत पाठवा. कारण लिहावं लागत नाही. गप्प बसलात तर पुढे वसुलीचा आदेश निघतो, मग खातं गोठू शकतं.

पाकीट फेकू नका. पोस्टमन त्यावर हाताने तारीख लिहितो आणि मुदत त्या तारखेपासून मोजतात. भारतात सुट्टीला जाताना कोणाला तरी टपालपेटी उघडायला सांगून जा, ते यासाठीच.

१७. खात्यातून परस्पर पैसे काढले. परत मिळतात?

‘लास्टश्रिफ्ट’ने, म्हणजे तुमच्या संमतीने थेट खात्यातून वळते झालेले पैसे आठ आठवड्यांपर्यंत कारण न देता बँकेतून परत फिरवता येतात. संमतीच दिली नसेल तर १३ महिन्यांपर्यंत. पण हे हत्यार जपून वापरा. बिल खरं असेल तर परत फिरवल्याचा खर्च आणि मानुंग दोन्ही तुमच्यावर येतात. आधी किंवा त्याच दिवशी लेखी हरकत पाठवा (प्रश्न ११).

१८. घरात टीव्ही नाही, तरी टीव्ही-रेडिओचं बिल येतं. यावर तक्रार कुठे करू?

कुठेच नाही, भरा. ही दर घरामागे महिना १८.३६ युरोची सक्तीची वर्गणी आहे, टीव्ही असो वा नसो. घरात एकाने भरली की पुरते. घर वाटून राहत असाल तर जो भरतो त्याचा क्रमांक कळवा.

१९. ट्रेनला उशीर झाला तर पैसे मिळतात म्हणे?

शेवटच्या स्टेशनावर ६० मिनिटं उशिरा पोचलात तर भाड्याच्या २५ टक्के, १२० मिनिटांना ५० टक्के. ॲपमधून अर्ज होतो, मुदत तीन महिने. टोकाचं हवामान किंवा रुळावर आलेला माणूस अशा कारणांत भरपाई नाकारली जाऊ शकते.

२०. मुंबईचं विमान सहा तास उशिरा पोचलं. ६०० युरो मिळतील का?

कोणत्या दिशेने निघाला होता, त्यावर आहे. युरोपीय संघाचा नियम (२००४ चा २६१ क्रमांकाचा) असा: संघातल्या विमानतळावरून निघणारं विमान कोणत्याही कंपनीचं असो, नियम लागू. बाहेरून संघात येणारं विमान मात्र युरोपीय कंपनीचंच असायला हवं. म्हणजे फ्रँकफर्ट-मुंबई एअर इंडियाने गेलात तरी हक्क आहे. मुंबई-फ्रँकफर्ट लुफ्तान्साने आलात तर आहे, एअर इंडियाने आलात तर नाही. तिकिटावर एका कंपनीचा क्रमांक आणि विमान दुसरीचं, असं असेल तर प्रत्यक्ष उडवणारी कंपनी धरतात.

३,५०० किलोमीटरच्या वरच्या प्रवासाला आणि शेवटच्या मुक्कामी तीन तासांहून अधिक उशीर झाल्यास ६०० युरो. उशीर चार तासांच्या आत असेल तर ते निम्मे होऊ शकतात. वादळ, बंद हवाई हद्द अशा कारणांना भरपाई नाही. कंपनीच्याच कर्मचाऱ्यांच्या संपाला सहसा असते. जेवण आणि रात्रीची सोय मात्र कारण काहीही असलं तरी द्यावी लागते. जर्मनीत हा दावा तीन वर्षं करता येतो, आणि ती वर्षं त्या सालाच्या अखेरीपासून मोजतात.

‘आम्ही मिळवून देतो’ म्हणणाऱ्या कंपन्या मोठा वाटा कापून घेतात. आधी स्वतः लिहा. दोन महिन्यांत उत्तर नाही किंवा नकार आला, तर प्रवासाच्या लवाद मंडळाकडे जा (प्रश्न २३).

२१. वाईट रिव्ह्यू लिहिला तर वकिलाची नोटीस येते, हे खरं का?

येऊ शकते, आणि त्याहून जास्त वेळा होतं ते म्हणजे कंपनी हरकत घेते आणि रिव्ह्यू गायब होतो. स्वतःचं मत मांडायला मोकळीक आहे. खोटी किंवा सिद्ध न होणारी वस्तुस्थिती मांडायला नाही. ‘मला सेवा आवडली नाही’ सुरक्षित. ‘हे चोर आहेत’ असं लिहू नका. तारीख आणि घडलेली गोष्ट लिहा, बिल जपून ठेवा. कर्मचाऱ्याचं नाव घालू नका.

२२. हा नेहमीचा कोरडेपणा आहे की वंशभेद? कसं ओळखायचं?

अवघड प्रश्न आहे, आणि ‘तुम्हीच मनाला लावून घेता’ असं सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. मी एक कसोटी लावतो: मागच्या गिऱ्हाइकाशी तोच माणूस कसा बोलला? सगळ्यांशीच तुसडेपणा असेल तर प्रश्न १ वाचा. तुम्हालाच ‘जागा नाही’ आणि नंतर आलेल्यांना टेबल, तुमचं नाव ऐकल्यावर ‘घर गेलं’ आणि जाहिरात चालूच, असं असेल तर तो भेदभाव आहे आणि त्याविरुद्ध कायदा आहे. भरपाईची मागणी दोन महिन्यांत करावी लागते, म्हणून त्याच दिवशी वेळ, ठिकाण, शब्द आणि साक्षीदार लिहून ठेवा. बर्लिनचं केंद्रीय भेदभावविरोधी कार्यालय सल्ला मोफत देतं, ईमेलनेही विचारता येतं.

२३. लिहून थकलो, उत्तर नाही. पुढे कोणाकडे?

पहिला थांबा फेअरब्राउखरत्सेंट्राले, म्हणजे ग्राहक केंद्र. सोळाही राज्यांत एकेक आहे. त्यांच्या संकेतस्थळावर तयार पत्रांचे नमुने फुकट मिळतात. समोरासमोर सल्ल्याचं शुल्क असतं, वकिलापेक्षा बरंच कमी. मग विषयाप्रमाणे लवाद मंडळं: वीज-गॅसचं वेगळं, प्रवासाचं वेगळं, बँकांचं वेगळं, दूरसंचाराचं बुंडेसनेट्सआगेंटूरमध्ये. ग्राहकाला ती सहसा मोफत असतात, पण आधी कंपनीला लेखी तक्रार केल्याचा पुरावा मागतात. कायदेशीर खर्चाचा विमा काढायचा विचार असेल तर भांडण सुरू होण्याआधी काढा. बहुतेक बाबतींत तीन महिन्यांचा प्रतीक्षाकाळ असतो आणि आधीपासून चालू असलेलं भांडण त्यात बसत नाही.

२४. कायमचे भारतात परत चाललो आहोत. करार कसे संपवायचे?

विमानाचं तिकीट हाती आलं की यादी करा, कारण करार आपोआप संपत नाहीत. घरचं इंटरनेट नव्या पत्त्यावर मिळू शकत नसेल तर एक महिन्याच्या सूचनेवर सुटतं. पुरावा म्हणून महापालिकेत नाव काढल्याचा दाखला जोडा. मोबाइलच्या बाबतीत कंपन्या हेच मान्य करायला खळखळ करतात, तेव्हा मुदत लवकर संपणारे करार आधीपासूनच घेतलेले बरे. जिमबद्दल वर सांगितलं आहे (प्रश्न १३), तिथे विनंतीवर भिस्त ठेवावी लागते. कधी कधी सदस्यत्व दुसऱ्याच्या नावावर करून देतात.

बँक खातं मात्र लगेच बंद करू नका. घराची अनामत, विजेचा अखेरचा हिशेब आणि कराचा परतावा यायला काही महिने सहज लागतात, आणि हे सगळं जर्मन खात्यात येणं सोपं पडतं. टपाल वळवण्याची सेवा पोस्टात पैसे भरून घेता येते. ती इथल्याच एखाद्या विश्वासू मित्राच्या पत्त्यावर लावा आणि पिवळं पाकीट दिसलं तर त्याच दिवशी फोटो पाठवायला सांगून ठेवा.